एकाच सकाळी हार्ट अटॅक आणि लकवा : आधी डोकं की आधी छाती?

पंचवटीची_सून | रविवार, रात्री ११:१०

घरात सरळसरळ दोन तट पडलेत, म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ७६. निफाड तालुक्यात आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता आमच्याकडे नाशकात मखमलाबाद रोडला असतात. शुगर जुनीच, बीपीची गोळी चालू. दोन वर्षांपूर्वी नाडी अनियमित सापडली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायचीही एक गोळी. ही गोळी लक्षात ठेवा, पुढे तीच नडली.

सतरा दिवसांपूर्वीची सकाळ. थंडी मरणाची. आमचे 'हे' पहिल्या पाळीला अंबडला निघून गेलेले. ५:५० ला मी अण्णांना चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "आज आलं विसरलीस वाटतं." मी हसले आणि डब्याच्या मागे लागले. ६:४० ला कप उचलायला गेले तर चहा अर्धा तसाच, वर साय धरलेली. अण्णा खुर्चीत उजवीकडे कललेले, तोंड वाकडं, उजवा हात खुर्चीखाली लोंबतोय. डाव्या हाताने मात्र बंडीवरून छाती चोळत होते. छातीत दुखतंय का विचारलं तर तोंडून नुसतं "ते... ते... ते". त्या थंडीत कपाळावर घामाचे थेंब.

हाक मारली तशी शेजारचे काका-काकू धावत आले. काकांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे सॉर्बिट्रेट कायम खिशात. म्हणाले, अटॅकच आहे, जिभेखाली ठेव आधी. काकूंनी तोवर पेल्यात डिस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, विरघळवून आणली. दोन घोट गेले नसतील तोच असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मी पेला ओढून घेतला. सॉर्बिट्रेट द्यायचं राहूनच गेलं. हॉस्पिटलात हात धुवायला गेले तेव्हा ती गोळी माझ्या तळहाताला चिकटलेली सापडली.

१०८ ला फोन लावला, पण काकांच्या मुलाने गाडी काढलीच होती, म्हणून त्याच गाडीतून जवळच्या एका लहान हॉस्पिटलात गेलो. तिथे ईसीजी काढला आणि "मोठा अटॅक आहे" म्हणाले. मी आपली सांगतेय, अहो तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीत. "आधी हार्ट बघू." सीटीचं मशीन तिथे नव्हतंच. कुठे पाठवायचं, बेड कुठे आहे, ह्या फोनाफोनीत चाळीस मिनिटं गेली. ८:१० ला मोठ्या हॉस्पिटलात पोहोचलो.

तिथे बेडच्या एका बाजूला हृदयाचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मेंदूचे. दोघं हळू आवाजात वाद घालत होते. मला तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?" मी तिघांनाही चहाची आणि आल्याची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली?" इथे मी गप्प. दाढ काढायची होती म्हणून ती बंद केली होती. दाढ काढून तीन आठवडे झाले, गोळी पुन्हा सुरू करायची राहूनच गेली. डबीत तशीच पडून होती.

सीटीत रक्तस्राव नव्हता. दोन्ही हातांचं बीपी घेतलं, मानेच्या आणि छातीच्या शिरांचाही सीटी केला. सही घेतली, आणि ८:५० ला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू झालं, 'मेंदूच्या डोसने', असं ते म्हणाले. ते संपतासंपता मनगटातून अँजिओग्राफी. हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत गुठळी होती, ती ओढून काढली. स्टेंट टाकावाच लागला नाही.

अण्णा वाचले. पायात थोडी ताकद आली आहे, उजव्या हातात नाही. बोलणं जवळजवळ गेलंय.

आता भांडण. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, अटॅकला दीड तासात फुगा घालून हृदयाची शीर उघडतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, तुम्ही आधी मेंदूच्या इंजेक्शनवर सही कशी केलीत? धाकटे दीर म्हणतात, मेंदूतली गुठळी तारेने काढतात ती का नाही काढली? सही माझी आहे. हे पोहोचले तेव्हा इंजेक्शन चालू झालेलं होतं. जाणकारांनी सांगा, माझं चुकलं का? आणि मुळात दोन्ही एकदम होतंच कसं?

---

सातपूरचा_पम्या | रविवार, रात्री ११:४२

ताई, तुमचं काही चुकलं नाही. माझं मत सोडा, मी डॉक्टर नाही. पण आमच्या आईचंही असंच झालं, फक्त एकदम नाही, नऊ दिवसांच्या अंतराने.

आईला छातीत जळजळ, आम्ही ओवा-काळं मीठ करत बसलो दोन दिवस. शुगरवाल्यांना दुखत नाही फारसं, हे नंतर कळलं. ॲडमिट केलं तेव्हा अटॅक येऊन गेलेला, हृदयाची पुढची भिंत निकामी. स्टेंट टाकला, घरी आणलं. नवव्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी हातातून पडली आणि जीभ जड. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसलं की हृदयाच्या टोकाशी, जिथली भिंत हलत नव्हती, तिथे रक्त साकळून गुठळी झालेली, त्यातला तुकडा मेंदूत गेला. त्यानंतर तीन महिने रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रॉम आणि दर आठवड्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. मेथी-पालक रोज सारख्याच मापात खा, एकदम जुडीभर नको, हेही तिथेच शिकलो.

आई आता बरी आहे. बोलते भरपूर. मला तरी पूर्वीपेक्षा जास्तच बोलते.

---

गोदातीर | सोमवार, सकाळी ७:०५

दोन डॉक्टर, दोन विभाग, दोन बिलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अटॅक असेल तर अटॅकचा उपचार करा, लकवा असेल तर लकव्याचा. दोन्ही एकदम म्हणजे पेशंटच्या नातेवाइकाला घाबरवायचा धंदा.

---

नाडीवाला | सोमवार, दुपारी २:३०

ओपीडी संपवून लिहितोय. मी नाशकातच बावीस वर्षं मेडिसिन करतो. कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या अण्णांवर निवाडा देणार नाही. पण सूनबाईंनी इतकं नेमकं लिहिलंय की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

गोदातीर, दोन्ही एकदम होतं. विरळा, पण होतं, आणि वय झालेल्यांत जास्त. कारणं मोजकीच आहेत. एक, पम्याने सांगितलं ते : आधी अटॅक, मग हृदयात गुठळी, मग ती मेंदूत. दुसरं, जे इथे झालेलं दिसतंय : नाडी अनियमित, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. वरच्या डाव्या कप्प्याला एक खिशासारखा कोपरा असतो, तिथे रक्त साचून गुठळी धरते. ती निसटली की रक्ताबरोबर जाईल तिथे जाते. बहुतेक वेळा मेंदूत. क्वचित हृदयाच्याच रक्तवाहिनीत. अण्णांच्या बाबतीत दोन्हीकडे. गुठळी काढल्यावर स्टेंट लागला नाही ह्याचा अर्थ बहुधा हा, की शीर आतून फारशी खराब नव्हती, गुठळी बाहेरून आली होती.

तिसरं कारण सगळ्यात वाईट. छातीतली महाधमनी आतून उसवते, आणि ती चीर एकीकडे हृदयाची शीर दाबते, दुसरीकडे मेंदूकडे जाणारी. बाहेरून दिसायला हुबेहूब अटॅक अधिक लकवा. अशा माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर जीवच जायचा. दोन्ही हातांचं बीपी आणि छातीचा सीटी त्यासाठी होता. ह्यात दहा मिनिटं गेली असतील तर ती सत्कारणी लागली.

आणि चौथा प्रकार, खोटा अटॅक. मेंदूच्या ठरावीक भागाला मार बसला की ईसीजी बिघडतो, हृदयाला इजा झाल्याची रक्तातली खूण, ट्रोपोनिन, तोही वाढतो, आणि हृदयाच्या शिरा मात्र स्वच्छ. म्हणून नुसता ईसीजी बघून "आधी हार्ट" म्हणणं धोक्याचं.

आता मूळ प्रश्न, आधी काय. नणंदबाईंचं दीड तासाचं गणित बरोबर आहे, अटॅकसाठी हॉस्पिटलात पाय ठेवल्यापासून ९० मिनिटांत फुगा हेच ध्येय असतं. पण मेंदूचंही गणित आहे. मोठी शीर बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, आणि विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात. हे साडेचार तास तुम्ही कधी पाहिलंत तिथून नाही, शेवटचं ठीक कधी होते तिथून मोजायचे. ५:५० ते ८:५०, तीन तास. तुमच्या त्या आल्याच्या चहाने घड्याळ लावून दिलं, ताई. "सकाळी उठले तेव्हा असेच होते" एवढंच सांगता आलं असतं तर रात्री झोपले तिथून मोजावं लागलं असतं, आणि मग हे इंजेक्शन बहुधा मिळालंच नसतं.

आधी अँजिओप्लास्टी, म्हणजे तो फुगा, का नाही? कारण तिला रक्त पातळ करणारं हेपॅरिन लागतं, आणि स्टेंट टाकला तर रक्त न साकळू देणारी दोन औषधं. ती एकदा शरीरात गेली की वरून मेंदूचं इंजेक्शन देणं म्हणजे डोक्यात रक्तस्रावाला आमंत्रण. उलट क्रमाने गेलं तर निदान दोन्ही दारं उघडी राहतात. डोसही वेगळा. अल्टेप्लेज, म्हणजे हे विरघळवणारं औषध, मेंदूसाठी वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. हृदयासाठी तेच औषध १०० पर्यंत जातं, जोडीला हेपॅरिन. हृदयाचा डोस ताज्या लकव्यात द्यायचा नसतो. तुमच्या डॉक्टरांनी 'मेंदूच्या डोसने' म्हणून सांगितलं ते ह्यासाठी. अमेरिकेतल्या हृदय आणि स्ट्रोक संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही हाच क्रम आहे : आधी मेंदूच्या डोसने इंजेक्शन, मग गरज असेल तर अँजिओप्लास्टी. अर्थात ह्याला शेकडो रुग्णांच्या चाचण्यांचा आधार नाही, असे पेशंटच एवढे मिळत नाहीत. म्हणून बेडशेजारी दोन डॉक्टर वाद घालतात. तो वाद झाला हे उलट चांगलं लक्षण समजा.

पेशंटचं बीपी कोसळत असतं, हृदय बंद पडायच्या बेतात असतं, तर क्रम बदलला असता. तेव्हा हृदय आधी, कारण रक्तच पोहोचलं नाही तर मेंदू वाचवून काय करणार.

दीरांना सांगा, तारेने गुठळी काढतात ती मोठ्या शिरेतली. सहा तासांपर्यंत, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही काढतात. लहान फांदीत अडकली असेल तर तार तिथवर नेण्यात फायद्यापेक्षा जोखीम जास्त. शिरांच्या सीटीचा रिपोर्ट बघा, त्यात जागा लिहिलेली असेल.

सॉर्बिट्रेटबद्दल वेगळं लिहायला हवं. पेशंट आलाय.

---

बटवा_आजी | सोमवार, दुपारी ३:१५

लकवा आला की लगेच दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्ताचा एकेक थेंब काढायचा. तोंड सरळ होतं. आमच्या ग्रुपवर एका मोठ्या डॉक्टरांचा मेसेज आला होता.

---

सातपूरचा_पम्या | सोमवार, दुपारी ३:२१

आजी, तो मेसेज माझ्याकडे वर्षातून दोनदा येतो. दर वेळी डॉक्टर वेगळा असतो.

---

नाडीवाला | सोमवार, रात्री ९:५०

बोटांना सुया टोचून काही होत नाही. वेळ जातो, आणि नंतर विरघळवणारं इंजेक्शन दिलं की त्या दहाही भोकांतून रक्त वाहतं. एवढं एकदाच सांगतो.

आता सॉर्बिट्रेट. ही गोळी शिरा सैल करते आणि बीपी पाडते. नुसत्या छातीच्या दुखण्यात, डॉक्टरांनी ज्याला लिहून दिलीय त्याने घेणं वेगळं. लकव्यात मेंदूचा जो भाग अर्धमेला असतो तो चढलेल्या बीपीवरच तग धरून असतो. इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत आम्ही सहसा हातही लावत नाही. द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतो, तेही ड्रिपने, मोजून मापून. जिभेखालच्या गोळीला असं माप नसतं. शिवाय अण्णांची हृदयाची उजवी शीर बंद होती. अशा अटॅकमध्ये हृदयाची उजवी बाजू सापडलेली असेल तर सॉर्बिट्रेटने बीपी एकदम तळाला जातं. तुमच्या तळहाताला चिकटून राहिली, बरंच झालं.

डिस्प्रिनचंही तसंच. अटॅकमध्ये ॲस्पिरिन उपयोगी, खरं आहे. पण लकवा गुठळीने झाला की रक्त फुटून, हे बाहेरून कुणालाही, मलाही, सांगता येत नाही. सीटीच सांगतो. रक्त फुटलेलं असताना ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल. आणि लकव्यात गिळायची क्रिया बिघडते, पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं. तो ठसका त्याचाच. म्हणून तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, ह्यातलं एक जरी दिसलं तर तोंडाने काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर शुगर मात्र बघा, शुगर उतरली तरी असाच अवतार होतो.

आणखी एक, जे पुस्तकात एका ओळीत असतं आणि प्रत्यक्षात हमखास निसटतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवी बाजू जाते आणि बहुतेकांची वाचाही. मग छातीत दुखतंय हे तो सांगणार कसा? अण्णा हाताने सांगत होते. तुम्ही ते पाहिलंत आणि लिहिलंत. उलट "अटॅक, अटॅक" म्हणून आणलेल्या पेशंटचा हात उचलून बघायचं राहतं. तुमच्या पहिल्या हॉस्पिटलात तेच झालं.

---

गोदातीर | सोमवार, रात्री १०:१८

डॉक्टर, बाकी पटलं. धंदा शब्द मागे घेतो. पण सही मागताना हे असं कुणी समजावत नाही हो. "रक्तस्राव होऊ शकतो, सही करा" एवढंच. माझ्या वडिलांच्या वेळी मी ते ऐकून नको म्हणालो होतो. फक्त लकवा होता त्यांना. सहा वर्षं झाली.

---

नाडीवाला | सोमवार, रात्री १०:४०

गोदातीर, तुमची चूक नव्हती. दहा मिनिटांत निर्णय मागायचा आणि नीट सांगायचं नाही, ही आमची बाजू लंगडी आहे. ज्या चाचणीवरून हे इंजेक्शन रूढ झालं, १९९५ ची, तिच्यात डोक्यात त्रासदायक रक्तस्राव शंभरात साधारण सहांना झाला होता. आणि तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होण्याची शक्यता, न दिलेल्यांपेक्षा निदान तीस टक्क्यांनी जास्त होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवून सांगायला अर्धा मिनिट लागतो. तो दिला जात नाही हे खरं.

---

फिजिओ_इंदिरानगर | मंगळवार, सकाळी ११:००

सूनबाई, सतरा दिवस झाले म्हणजे आता माझ्या लोकांचं काम सुरू. वाद घालणाऱ्या नणंदबाईंना आठ दिवस मदतीला बोलवा, हात लागतील.

उजव्या दंडाला धरून ओढून उठवू नका, कुणालाच उठवू देऊ नका. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून उतरतो, आणि मग त्या दुखण्यापायी माणूस व्यायामच नको म्हणतो. झोपताना त्या हाताखाली उशी. कुशी दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती लवकर भरत नाही. भरवताना पूर्ण बसवून, मान किंचित खाली. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज गिळायला सोपी जाते. नाकातली नळी निघाली आहे का? निघाली असली तरी गिळण्याची तपासणी करून घ्या.

हृदयालाही मार बसलाय, म्हणून व्यायामाआधी आणि नंतर नाडी-बीपी लिहून ठेवा. नुसत्या लकव्याच्या पेशंटला मी जितकं पळवते तितकं ह्यांना पळवणार नाही. दम लागला, घाम आला, की थांबायचं.

बोलण्याबद्दल. शब्द आठवून बोलणं गेलं तरी वर्षानुवर्षं घोकलेलं बरेचदा शिल्लक असतं. वार, महिने, एक ते दहा, आरती. ते मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. अण्णा शिक्षक होते ना? पाढे म्हणायला लावा.

---

ओझरचा_निवृत्त | मंगळवार, दुपारी १२:४५

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार कार्ड लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्ही फक्त यादीतल्या हॉस्पिटलांतच चालतात, म्हणून कार्ड आधी काढा आणि यादी आधी बघा. इमर्जन्सीत काउंटरवर उभं राहून आधारचा ओटीपी शोधण्यासारखा दुसरा छळ नाही. मी केलाय तो, बायकोच्या वेळी. फोन तिच्या पर्समध्ये, पर्स घरी.

स्टेंटच्या किमतीही सरकारने २०१७ मध्ये बांधून दिल्यात, बिलावर स्टेंटची ओळ वेगळी असते, ती बघून घ्या.

---

सुरगाण्याची_वाट | मंगळवार, रात्री ८:३०

तुम्ही शहरातले लोक चाळीस मिनिटं वाया गेली म्हणता. आमच्याकडून नाशिक गाठायलाच दोन-अडीच तास. कुणी तोंड वाकडं करून पडला की आधी भगत, मग जवळचा दवाखाना, मग गाडीची शोधाशोध. साडेचार तास कधीच संपलेले असतात.

माझा प्रश्न डॉक्टरांना. वाटेत कुठे थांबायचं की थेट नाशिक?

---

नाडीवाला | मंगळवार, रात्री १०:०५

तुमच्यासाठी १०८ च. त्यात ऑक्सिजन, मॉनिटर आणि डॉक्टर असतो, आणि मुख्य म्हणजे तो निघाल्यावर पुढे फोन करू शकतो. गाडी यायला फार वेळ असेल तर खासगी गाडीने निघा, पण फोन मात्र करत राहा. फोनवर एवढंच विचारायचं : सीटी चालू आहे का, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) आहे का, मेंदूचा डॉक्टर येतो का. तिन्हीला हो म्हणणारं ठिकाण गाठायचं. फक्त सीटी असलेलं ठिकाण वाटेवर असेल आणि तिथे विरघळवणारं इंजेक्शन देत असतील, तर तिथे थांबणं फायद्याचं. हृदयाचं पुढच्या गावी बघता येतं. दोन्हीपैकी काहीच नसलेल्या ठिकाणी "निदान सलाईन तरी लावू" म्हणून थांबू नका.

वाटेत पेशंटला आडवं, डोकं थोडं उंच, उलटी झाली तर कुशीवर. जुने कागद आणि गोळ्यांची पिशवी बरोबर. कागद सापडत नसतील तर गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो काढा.

---

पंचवटीची_सून | मंगळवार, रात्री ११:३०

किती आभार मानू कळत नाही. रिपोर्ट काढून बघितला. मेंदूतली गुठळी खरंच लहान फांदीत होती. दीरांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे मिटलं. नणंदबाईंना डॉक्टरांचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "ती गोळी बंद कर असं कुणी सांगितलं होतं?"

खरं तर कुणीच तीन आठवडे बंद ठेवा म्हणालं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी दोन दिवसांसाठी सांगितलं होतं. पुन्हा सुरू करायला आम्ही विसरलो. मी विसरले. त्या काही बोलल्या नाहीत. शनिवारी येतायत.

---

नाडीवाला | बुधवार, दुपारी २:१०

ताई, ह्यावर एक लिहितोच, कारण ही चूक घराघरात होते आणि बहुतेक वेळा आम्हीच तिला दार उघडून देतो. अनियमित ठोक्यांमुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. पंचाहत्तरी उलटली की आमच्या मोजपट्टीवर दोन गुण, शुगरचा एक, बीपीचा एक. अण्णांचे आधीच चार होते. आता लकव्याचे दोन आणि अटॅकचा एक धरला तर सात. गोळी आयुष्यभराची. साध्या दाढेसाठी ती बहुतेकदा बंद करावीच लागत नाही, फार तर एखादा डोस चुकवतात. बंद करायला सांगणाऱ्याने सुरू करायची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहिली पाहिजे. नसेल लिहिली तर तुम्ही मागून घ्या.

लकव्यानंतर ती कधी सुरू करायची हे किती मोठा भाग गेला त्यावर ठरतं. लहान असेल तर एक-दोन दिवसांत, मोठा असेल तर आठवडा किंवा जास्त. डिस्चार्जच्या कागदावर बघा, तारीख टाकली असेल.

---

पंचवटीची_सून | बुधवार, रात्री ९:२०

टाकली आहे. सहाव्या दिवशी सुरू केलीय, सकाळ-संध्याकाळ. डबीवर नातवाने मार्करने 'ही बंद करायची नाही' असं लिहिलंय.

फिजिओताई, आज पाढे केले. मी "बे एके" म्हटलं आणि थांबले. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघतात तसं. आणि मग "बे". मग "दुणे चार". "बे त्रिक सहा" अगदी स्वच्छ. बे साते चौदापर्यंत आले, तिथे अडकले, रागावले, डाव्या हाताने खाट बडवली. नातू शेजारी बसून आठ, नऊ, दहा पूर्ण करत होता, तर त्याला हाताने गप्प केलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाणी मागायला मात्र अजून "ते, ते" च आहे.

एक विचारायचं होतं. कमोडची खुर्ची विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळते का, पंचवटीत किंवा जवळपास?

---

ओझरचा_निवृत्त | बुधवार, रात्री ९:४५

मिळते. सर्जिकल सामानाच्या दुकानांत महिन्याच्या भाड्याने देतात, डिपॉझिट घेतात. चाकांची घेणार असाल तर दुकानातच बसून चारही ब्रेक लावून बघा. आमच्याकडे आलेलीचा मागचा डावा ब्रेक लागत नव्हता. आणि खुर्चीचा उजवीकडचा हात बाजूला होणारी मागा, अण्णांना डाव्या बाजूने जोर देऊन सरकता येईल असं बघा.

---

फिजिओ_इंदिरानगर | बुधवार, रात्री १०:०२

बरोबर काका, खुर्चीचा उजवीकडचाच. चांगल्या बाजूने खुर्चीत सरकवायचं असतं. सूनबाई, खुर्ची खाटेच्या डाव्या अंगाला लावा, म्हणजे अण्णांच्या डाव्या हाताला. आणि चौदाच्या पुढे तुम्ही सांगू नका. अडकू देत.